मानाच्या पानावरचं मरण

तालमीसमोरच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं कट्ट्यावर, बायका जिन्यावर, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. मधोमध पाटावर तांब्याची मोठी परात, परातीत काठोकाठ पाणी आणि पाण्यामागं मांडी घालून बसलेले श्री दर्पणनाथ महाराज. महाराज कुठून आले हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी गिरनार म्हणत होतं, कुणी हिमालय. त्यांच्या गाडीच्या पाटीवर मात्र एमएच ११ होतं, म्हणजे सातारा.

"अंक आणा!" महाराज गरजले.

विश्वजितनं 'हलगी'चा रविवारचा अंक पुढं केला. 'हलगी' म्हणजे आमचं दैनिक. कोल्हापूर शहर आणि आजूबाजूची गावं एवढंच आमचं जग. मी तिथं उपसंपादक आहे. विश्वजित हा हंबीरराव वस्तादांचा मुलगा, आणि त्या अंकातल्या 'मानाचं पान' या सदरात वस्तादांचाच फोटो होता.

महाराजांनी आधी पहिल्या पानावरचा एका पुढाऱ्याचा फोटो फाडून पाण्यात सोडला. काही झालं नाही.

"यांना अजून पुष्कळ आयुष्य आहे," महाराज म्हणाले.

"नशीब आमचं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. त्या दिवशी चौकातलं ते शेवटचं हसू होतं.

मग वस्तादांचा फोटो निघाला. पीळदार मिशा, भरदार छाती, खांद्यावर चांदीची गदा. "जिवंत माणसाची परीक्षा आहे. सवाशिणीच्या हातानं, घरच्या हळदीनं पूजा व्हावी," महाराज म्हणाले. वस्तादांच्या पत्नी, म्हणजे आक्का, आपल्या करंड्यातली हळद घेऊन पुढं आल्या. त्यांनी बोटानं नवऱ्याच्या छापील कपाळाला आणि गालांना हळद लावली. महाराजांनी कागद दोन बोटांत धरून अलगद पाण्यात ठेवला.

वस्तादांच्या कपाळावरून लाल ओघळ सुटला. मग गालांवरून. बघता बघता सगळा चेहरा लाल झाला आणि कडेच्या पाण्यात तांबड्या रेघा पसरल्या.

आक्का किंचाळल्या. खोटं कशाला सांगू, मीही किंचाळले. शेजारच्या खुर्चीत बसलेले खुद्द वस्ताद मात्र ओरडले नाहीत. ऐंशी ओलांडलेला तो धिप्पाड माणूस आपलाच चेहरा रक्तबंबाळ होताना बघत राहिला. मग खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात खाली घसरला.

"अक्षर म्हणजे काय?" महाराजांनी हात उंचावले. "जे क्षरत नाही ते! हातानं लिहिलेलं नाव यमदूतांना वाचता येत नव्हतं. आता यांनी छापून दिलं, फोटोसकट, पत्त्यासकट! वर तो अंक रद्दीत जातो, त्यात भजी बांधतात, माणसाच्या तोंडाला तेल लागतं. तेल लागलेलं आयुष्य हातात टिकेल का? निसटणारच!"

एरवी असं कुणी बोललं असतं तर कोल्हापूरनं त्याला चौकातच सोलून काढला असता. पण त्या दिवशी शेदोनशे माणसं माना डोलावत होती. कारण तीन मरणं झाली होती.

'मानाचं पान' दर रविवारी येतं. शहरातल्या एका नामवंत माणसाचा फोटो आणि त्याच्या कामाविषयी चार परिच्छेद. उन्हाळ्यात बंद पडलेलं ते सदर पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा सुरू झालं, तेव्हा पहिल्यांदा इंगवलेबाई आल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, फोटो एनसीसीच्या गणवेशातला, ताठ. आठवडा उलटायच्या आत त्या गेल्या. लोक हळहळले. मग मर्दानी खेळवाले कृष्णात आण्णा आले. फोटोत हवेत उडी, हातात दांडपट्टा. तेही गेले. मग गौस मास्तर. ज्यांच्या क्लॅरिनेटवर निम्म्या शहराची लग्नं लागली, ते बँडवाले गौस मास्तर. गाल फुगवून वाजवतानाचा फोटो छापला आणि पुढच्या रविवारच्या आत आम्ही त्यांच्या निधनाची बातमी लावली. तिघांच्याही घरचे एकच सांगत होते, शेवटपर्यंत ठणठणीत होते, बोलता बोलता गेले.

आणि आता वस्ताद.

महाराजांनी उपाय सांगितला. शनिवारी अमावस्येला 'शाईशांती'. तोवर वस्तादांनी अन्न घ्यायचं नाही, औषध घ्यायचं नाही, घसा कोरडा पडला तर अंगाऱ्याचं चमचाभर पाणी. आणि त्यांचा प्राण ज्यात गुंतलाय ती चांदीची गदा लाल कापडात बांधून महाराजांच्या हवाली करायची. ते ती 'योग्य जागी विसर्जित' करणार होते. ती जागा कुठली हे कुणी विचारलं नाही.

कचेरीत परत आले तर आमचे संपादक-मालक बाळासो डोकं धरून बसलेले.

"ताई, सदर बंद करा."

"तुमचाही विश्वास बसला?"

"इश्वासाचं न्हाय ओ. लोक रविवारचा अंक दारात टाकू देईनात. ते निवृत्त न्यायाधीश, माझं छापा माझं छापा म्हणून वर्षभर पाठीमागं लागलेते. आज सकाळी फोन, माझं नाव काढा आनि फोटो जाळून टाका. आमदारांचा पीए म्हनतोय, सायबांचं नाव सुदीक कुटं येऊ देऊ नका." बाळासोंनी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "माझ्या साठाव्या वाढदिवसाचा मजकूर लावून ठेवलावता न्हवं? तो काढला मी."

मी हसले. पण दोन दिवसांनी पुढच्या रविवारसाठी फोटो निवडायला बसले आणि माझा हात पुढं जाईना. मी शाळाशाळांत जाऊन पोरांना सांगते, भूत नसतं, करणी नसते, भानामती नसते. आणि एका माणसाचा फोटो पानावर ओढायचा तर मला घाम फुटला होता. उद्या हा मेला तर? मी तो फोटो तसाच ठेवून उठले आणि वस्तादांकडं गेले.

वस्ताद बाहेरच्या खोलीत कॉटवर पडले होते. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. उशाशी आक्का, पायाशी डॉक्टर अर्शी. अर्शीचा दवाखाना याच पेठेत आहे आणि वस्तादांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याच. ती ग्लासभर पाणी घेऊन उभी होती आणि वस्ताद तोंड फिरवून पडले होते.

मला बघून ते क्षीण हसले. "ये पोरी. लई ब्येस लिवलंवतंस. माझ्या आईचं नाव पन घातलंस. जरा घाई केलीस, येवढंच."

मी अर्शीच्या हातातला ग्लास घेतला. तो पुढं करून म्हटलं, "वस्ताद, तुम्ही गेल्या आठवड्यात मला लंगोट कसून बैठका मारून दाखवल्या होत्या. पाणी तरी प्या."

"गौसचा फोटो बघितलावतास? गाल कसं फुगलंवतं? कृष्णात तर माझ्यापरास धाकला, वाघागत उड्या मारायचा. ती उभ्या उभ्या गेली. मी कोन लागून गेलोय?"

अर्शीनं मला बाहेर पडवीत नेलं. "गोळी बंद, पाणी बंद, खाणं बंद. या वयात शनिवारपर्यंत टिकतील असं मला वाटत नाही. आणि दवाखान्यात न्यायचं म्हटलं की विश्वजित आडवा येतो, शांती मोडेल म्हणून. टिकले नाहीत तर काय होईल माहीत आहे? चौथं मरण. महाराज खरे ठरतील."

"पण अर्शी, आधीची तीन?"

"तेच तुला विचारायचंय. ती तिघं कशानं गेली?"

"अचानक."

"अचानक नावाचा आजार आम्हाला कॉलेजात शिकवला नाही."

 खरंच, मला काय माहीत होतं? त्या तिघांपैकी एकालाही मी भेटले नव्हते. घरोघर जाऊन लिहायला 'हलगी'कडं माणसं कुठं आहेत? घरचे व्हॉट्सॲपवर फोटो आणि माहिती पाठवतात, मी ती नीट करून लावते. अपवाद फक्त वस्तादांचा. तालमीचा उत्सव म्हणून त्यांना आम्ही स्वतः निवडलं होतं आणि मी समोर बसून लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गौस मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी रोशनबी दारातच भेटल्या. चहा ठेवला. मी विचारलं, मास्तर कसे गेले.

"हसत-बोलत गेले बघा. सकाळी चा घेतला, म्हनले जरा पडतो, आनि गेले. कुनाला तरास न्हाय दिला." हे त्यांनी एका दमात सांगितलं. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं असणार.

खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी गुडघ्याएवढं उंच होतं. चादरीखालून एक पारदर्शक नळी बाहेर आली होती. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आमच्या घरी तसलंच यंत्र होतं. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, भाड्यानं मिळणारं.

"भाबी, हे कुणाचं?"

रोशनबींनी चादर ओढून नळी झाकली. मग हात तिथंच राहिला. "परत न्ह्यायला यायचेत दुकानवाले," त्या म्हणाल्या. आणि खाली बसल्या. "पावसाळाभर ह्याच्यावर हुते. फुफ्फुसं गेलीवती. आयुष्यभर फुंकलं की ओ त्यांनी. शेवटाला फुंकून मेणबत्ती इझंना. डॉक्टरनी सांगितलं आता थोडकं राहिलंय, तवा मी पोराला म्हनलं, बापाचं नाव एकदा पेपरात येऊ दे, त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. फोटो म्या दिला. आमच्या लगनानंतरचा. नळी लावलेला फोटो कोन देतं ओ?"

"आणि ठणठणीत होते असं का सांगितलंत?"

"गौस मास्तर खोकून खोकून गेला, असं सांगू? मला न्हाय सांगवत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तिथूनच इंगवलेबाईंच्या मुलाला फोन लावला. कृष्णात आण्णांच्या सुनेला लावला. दोघंही आधी तेच बोलले, अचानक गेले. जरा खोदल्यावर बाईंचा कर्करोग निघाला आणि आण्णांचं डायलिसिस. दोन्ही घरांनी डॉक्टरांनी हात टेकल्यावरच आमच्याकडं फोटो पाठवला होता, लवकर लावा, एवढा निरोप देऊन.

मानाच्या पानावर आलं म्हणून कुणी मेलं नव्हतं. मरायला टेकलं होतं म्हणून मानाच्या पानावर आलं होतं. आम्ही फोटो छापत होतो ऐन उमेदीतला, आणि घरचे दुखण्याविषयी चकार शब्द काढत नव्हते. वाचणाऱ्याला दिसत होतं ते असं, रविवारी उड्या मारणारा माणूस आणि गुरुवारी तिरडी.

मी रोशनबींना वस्तादांचं सांगितलं. त्यांनी यंत्रावरची चादर पुन्हा नीट केली. चौकात येऊन हे सांगाल का, असं विचारायचा माझा धीर झाला नाही. मी चहा तसाच टाकून निघाले. त्या दुपारी मी आणि अर्शीनं वस्तादांना सगळं समजावून बघितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तू चांगली हाईस पोरी. माझं मन राखाय बोलतीस."

शनिवारी चौक पुन्हा भरला. वस्तादांना खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. ओठ फुटलेले, मान एका बाजूला कललेली. लाल कापडात बांधलेली गदा महाराजांच्या उजव्या हाताला ठेवली होती. परात तीच, पाणी काठोकाठ.

"आधी एकदा दोष दाखवू, मग उतरवू," महाराज म्हणाले.

"मला दाखवायचाय," असं म्हणत अर्शी गर्दीतून पुढं आली. तिनं परातीच्या काठावर बोट फिरवलं, तिथं वाळलेला पांढरा थर होता. मग पाण्यात बोट बुडवून अंगठ्याला घासलं. "आक्का, तुमची हळद द्या."

महाराज उठायला लागले. "बाई, शिवू नका! दोष तुमच्यावर पलटेल!"

"पलटू दे." तिनं आपल्या पर्समधून एक पत्रक काढलं. महाराजांच्याच कार्यक्रमाचं, त्यांचा हात उंचावलेला फोटो असलेलं. त्याच्या गालाला हळद लावली आणि परातीत टाकलं. महाराज लालभडक झाले. मग तिनं तालमीच्या नळाचं पाणी बादलीत आणवलं, दुसऱ्या अंकातला वस्तादांचा फोटो हळद लावून त्यात बुडवला. फोटो पिवळाच राहिला.

"परातीत चुन्याची निवळी आहे. तंबाखूत मळतो तो चुना," अर्शी म्हणाली. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्या पुढाऱ्याच्या फोटोला हळद लावली नव्हती, म्हणून तो वाचला."

गर्दीत खसखस पिकली. कुणी शिट्टी मारली. मला वाटलं, संपलं. पण मी वस्तादांकडं बघितलं. त्यांची मान तशीच कललेली होती.

"रंग खोटा आसंल," ते खोल आवाजात म्हणाले. "पर तिघं मेली, ते खोटं न्हाय की."

हसू थांबलं. महाराजांना तेवढंच हवं होतं. "ऐका! मरणाऱ्याच्या तोंडून सत्य निघतं! तीन प्रेतं कुठल्या चुन्यानं रंगवली, विचारा या बाईंना!" लोक पुन्हा मान हलवू लागले. मी पुढं होऊन ओरडून सांगायला लागले, कर्करोग, डायलिसिस, ऑक्सिजन. "पेपरवाली हाय, सदर वाचवाय बोलतीया," मागून कुणीतरी म्हणालं.  हे लोक माझ्यासमोर या माणसाला मारणार होते, आणि माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती.

तेवढ्यात बायकांमधून वाट काढत रोशनबी आल्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. त्या सरळ वस्तादांसमोर गेल्या.

"वस्ताद, माझ्याकडं बघा. मी गौस मास्तरांची बायको. माझा मानूस उभ्या उभ्या न्हाय गेला. पावसाळाभर आंथरुनात हुता. नाकात नळी हुती. माझ्या हातानं त्याला घास भरवत हुते मी, आनि लोकांना सांगत हुते, चांगलं हायत." त्यांचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मोबाईल काढून वस्तादांच्या डोळ्यांपुढं धरला. "हे बघा. पेपरात फोटो आला त्याच दिवशीचा."

पडद्यावर गौस मास्तर होते. गालांची हाडं वर आलेली, नाकात नळी, आणि छातीवर उघडा 'हलगी'चा अंक. ते हसत होते.

वस्तादांनी मोबाईल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. 

"ह्यो गौस?"

"व्हय. पेपरानं न्हाय मारला त्याला. उलट त्या दिवशी तो किती दिसांनी हसला बघा."

"आनि कृष्णात? बाई?"

"तेही आजारी होते, वस्ताद," मी म्हणाले. "मरायला टेकल्यावरच त्यांचे फोटो आमच्याकडं आले. सदर पुन्हा सुरू झाल्यापासून त्या पानावर धडधाकट असा एकच माणूस छापलाय. तुम्ही."

वस्तादांचे डोळे भरून आले. त्यांनी मोबाईल परत दिला, रोशनबींना हात जोडले आणि अर्शीकडं वळून म्हणाले, "पानी दे."

अर्शीनं घोट घोट पाणी पाजलं. आक्का पदर तोंडात कोंबून रडत होत्या. महाराज मात्र लाल कापडातली गदा काखेत मारून गाडीकडं सरकले होते. त्यांना अडवलं विश्वजितनं, ज्यानं त्यांना बोलावलं होतं त्यानंच. "गदा ठेवा खाली," तो म्हणाला. "आनि तुमी बी बसा. पोलीस यायलेत." असल्या लोकांसाठी महाराष्ट्रात कायदा आहे आणि फिर्याद विश्वजितनंच दिली. वस्ताद त्या संध्याकाळी दवाखान्यात गेले, सलाईन घेतलं आणि चार दिवसांनी घरी आले.

पुढच्या रविवारी 'मानाचं पान' निघालं. बाळासोंनी सदराखाली एक ओळ घातली, यापुढं आजचाच फोटो छापला जाईल. त्या रविवारी आम्ही पुन्हा गौस मास्तर छापले, नळी लावलेले, रोशनबींच्या परवानगीनं. त्या अंकाविषयी दिवसभर फोन येत होते. कितीतरी लोकांनी आपल्या घरच्या दुखण्याविषयी पहिल्यांदाच उघडपणे सांगितलं.

वाचकहो, परातीतला चुना ओळखणं सोपं होतं. एक डॉक्टर आणि एक चिमूट हळद, झालं काम. अवघड होतं ते दुसरंच. आपण दुखणं लपवतो, मरणाला सजवतो, मेलेल्या माणसाविषयी शेजाऱ्याला खोटं सांगतो, आणि मग तेच खोटं चौकात उभं राहून जिवंत माणसाला खातं. महाराज ते फक्त गोळा करून विकायला बसतात. तेव्हा कुणी सांगितलं की अमकं केलं म्हणून तमका मेला, तर हात जोडायच्या आधी विचारा. कधीपासून आजारी होता? काय झालं होतं? आणि जे असं काही न करताच मेले, त्यांचं काय? हे विचारण्यात मेलेल्याचा अपमान नाही. गौस मास्तरांच्या बायकोनं भर चौकात याची उत्तरं दिली, म्हणून हंबीरराव वस्ताद आज जिवंत आहेत.